गेमिंग लॅपटॉप तापतोय? कूलिंग पॅड घेण्याआधी हे करा

जळगाव, भुसावळ, धुळे भागात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. बऱ्याच लॅपटॉप कंपन्या मात्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. लॅपटॉपचा फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो. ती गरम असेल तर कूलिंग पॅडही तीच गरम हवा देणार! प्रोसेसर 95-100 अंशांजवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडकायला लागतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणून आधी लॅपटॉपमध्ये उष्णताच कमी तयार होऊ द्या.

1. एफपीएस: गेमच्या सेटिंगमध्ये 60 ची मर्यादा लावा.

2. टर्बो: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' 100 ऐवजी 99 टक्के करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान चांगलंच उतरतं.

3. जागा: गादीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. टेबलावर ठेवून मागची बाजू थोडी उचला.

4. धूळ: लॅपटॉप बंद करून जाळ्या ब्लोअरने साफ करा. फॅनची पाती गरगर फिरू देऊ नका.

5. कूलर: खोलीत चालू ठेवा, खिडकी उघडी ठेवा. पण कूलरचा ओलसर झोत थेट लॅपटॉपवर नको.

टचपॅड वर आलंय किंवा तळ फुगलाय? बॅटरी फुगली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. फुगलेली बॅटरी दाबू नका, पेट घेऊ शकते.