सास्तूरचा नकाशा आणि पावसाचा अंदाज

(१/८) ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १० हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

(२/८) तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. वर्षभर आधी, १८ ऑक्टोबर १९९२ रोजी, किल्लारीला जाणवण्याजोगा धक्का बसला होता. नकाशा मात्र तोच राहिला.

(३/८) २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला. पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. विज्ञानाने आपले विधान दुरुस्त केले. पण सास्तूरकरांनी त्या दुरुस्तीची किंमत आधीच मोजली होती.

(४/८) ‘धोका कमी’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही. शास्त्रज्ञ शक्यता सांगतो, शासन तिचा नियम करते आणि गावापर्यंत ती हमी होऊन पोहोचते. अविश्वासाचे मूळ याच प्रवासात आहे.

(५/८) हवामानाच्या बाबतीत याच मराठवाड्यात तसेच घडले. २०१७ साली हवामान विभागाने देशभरासाठी आधी सरासरीच्या ९६ आणि नंतर ९८ टक्के पावसाचा अंदाज दिला. पेरण्या झाल्या आणि पावसाने ओढ दिली. जुलैमध्ये बीड जिल्ह्यातील दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्ध तक्रार दाखल झाली. आरोप होता बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमताचा.

(६/८) हंगामाअखेर देशात ९५ टक्के पाऊस झाला. अंदाज त्रुटीच्या मर्यादेत बसला. परंतु देशाच्या सरासरीने एका शिवारातले पीक उगवत नाही. आकडा खरा ठरला तरी विश्वास गेला तो गेलाच. आणि ‘अंदाज चुकला’ याऐवजी ‘मुद्दाम फसवले’ असे म्हटले जाऊ लागले.

(७/८) याचा फटका धोरणाला बसतो. पेरणीचा सल्ला, पीकविमा, बदलत्या हवामानाला तोंड देणारी पीकपद्धती, हे सारे शक्यतेच्या भाषेवर उभे आहे. ती भाषाच लबाडीची वाटू लागली, तर उत्तम योजनाही कागदावर राहते.

(८/८) २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद गावकऱ्यांसह मांडण्याची पद्धत आहे. दिशा हीच हवी. आपल्या शिवारात मोजलेला आकडा पारखता येतो. त्रुटीसह सांगितलेले सत्य थोडे अधुरे वाटेल. पण सास्तूरच्या ढिगाऱ्याने दाखवून दिले की, निर्धास्त करणारा नकाशा त्याहून महाग पडतो.