सूसची गाडी, पुण्याचा झोन

आज थोडा गाडीच्या विम्याचा इतिहास, आणि सुरुवात आपल्या सूसपासून.

३० जून २०२१ पर्यंत सूस हे मुळशी तालुक्यातलं ग्रामपंचायतीचं गाव. त्या दिवशी ते पुणे महापालिकेत आलं. पण विम्याच्या कागदावर इथल्या कित्येक गाड्या त्याआधीच 'पुणेकर' झाल्या होत्या. कशा?

आधी मागे जाऊ. मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद मात्र १ जुलै १९४६ ला लागू झाली. हेतू साधा: रस्त्यावर ज्याला धडक बसली, त्याला भरपाई मिळावी. तोच हा 'थर्ड पार्टी' विमा.

मग प्रश्न आला, कोणाकडून किती घ्यायचे? २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने खासगी गाड्यांचे कप्पे पाडले: इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी आणि झोन कोणता. मुंबई, पुणे धरून आठ शहरं झोन ए, बाकी देश झोन बी. गंमत म्हणजे झोन तुमच्या घरावरून नाही, नोंदणी कार्यालयावरून ठरायचा. म्हणजे घर सूसच्या शेताकडेला असलं, तरी नंबर एमएच-१२ चा असेल तर झोन ए! पाच वर्षांच्या आतल्या, हजार सीसीपर्यंतच्या गाडीला दर ३.१२७ टक्के, झोन बीत ३.०३९. पाच लाखांच्या गाडीवर फरक ४४० रुपये.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोडले. थर्ड पार्टीचे दर मात्र आजही सरकारच ठरवतं. १ जून २०२२ पासूनचे वर्षाचे आकडे बघा: हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६, त्यापुढे थेट ७,८९७. जीएसटी वेगळा. म्हणजे ९९८ सीसीवरून ११९७ वर गेलात की १,३२२ रुपये जास्त. पण ११९७ आणि १४९७ एकाच कप्प्यात.

इथेच खटकतं. वर्षानुवर्षं जपून गाडी चालवणारा आणि सुसाट पळवणारा, थर्ड पार्टीला दोघांचा हप्ता एकच. क्लेम न केल्याचा बोनस मिळतो, तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. कप्पा गाडी बघतो, चालवणारा नाही.

म्हणून हप्ता जास्त वाटला तर आधी पॉलिसीवरचे सीसी, झोन आणि बोनस तपासा. पण थर्ड पार्टी चुकवू नका. तो विमा तुमच्यासाठी नाहीच, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी आहे.