तेलाच्या नकाशाचं मातृकुळ

जमिनीखालच्या तेलसाठ्यांच्या नकाशाची वंशावळ सांगताना सुरुवात नेहमी ओक्लाहोमापासून होते. 1921 मध्ये जॉन कार्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे डायनामाइटचा स्फोट करून खडकांच्या थरांवर आपटून परतलेल्या लहरी टिपल्या. आपल्याकडे हा धागा खंभातच्या आखाताकडे येतो. 1960 च्या दशकात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजावरून झालेल्या सर्वेक्षणात मुंबईच्या वायव्येला सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखालचा ‘मुंबई हाय’चा घुमट सापडला आणि 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे तेल काढून दाखवलं. ही वंशावळ खरी आहे, पण अपुरी आहे. स्फोट हे या नकाशाचं पितृकुळ असेल, तर आकडेमोड हे मातृकुळ आहे, आणि त्या कुळाची एक शाखा पुण्यात गणेशखिंडीला आहे.

आकडेमोड का लागते, हे परतलेल्या लहरी टिपणाऱ्या जिओफोनच्या नोंदीतच दिसतं. लहर किती मिलिसेकंदांनी आणि किती जोराने परतली एवढंच त्याला कळतं. कुठून परतली ते कळत नाही. थर आडवा असेल तर ती सरळ खालून येते. तो कलता असेल तर बाजूने येते, पण कच्च्या आलेखात मात्र जिओफोनच्या बरोबर खालीच मांडली जाते. मग उतार खऱ्यापेक्षा सौम्य भासतो, थर उताराच्या दिशेने सरकलेला दिसतो आणि विहीर चुकीच्या जागी खोदली जाते. प्रत्येक लहर तिच्या मूळ जागी परत नेण्याच्या प्रक्रियेला माइग्रेशन म्हणतात. त्यासाठी लहरींचा वेग माहीत हवा. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर, तर घट्ट बेसॉल्टमध्ये 5000 च्या घरात असतो. मधल्या थरांतला वेग आधी अंदाजाने धरायचा, चित्र काढायचं, चूक पाहायची, पुन्हा काढायचं. ही आकडेमोड प्रचंड असते, पण एका स्फोटाची नोंद दुसरीवर अवलंबून नसते, त्यामुळे हे काम अनेक प्रोसेसरांत वाटून देता येतं. 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये बांधलेला ‘परम 8000’ असंच वाटून काम करणारा संगणक होता. पुढे ‘परम 10000’च्या काळात सुहास फडके, धीरज भारद्वाज आणि सुधाकर येर्नेनी यांनी तिथे लहरींचं प्रारूप आणि माइग्रेशन यांसाठी समांतर प्रोग्रॅम रचले.

यावर कुणी म्हणेल की अमेरिकेने महासंगणक नाकारला म्हणून ‘परम’ जन्मला, तेलाशी त्याचा काय संबंध? पण हे तंत्र पहिल्यापासून उसनवारीवरच वाढलं आहे. 1919 मध्ये पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या लुडगर मिंट्रॉपने पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफा कुठे आहेत हे कंपनांवरून शोधलं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुंबई हाय तर अशा यंत्रांशिवायच सापडलं. मान्य. पण तो विस्तीर्ण, सौम्य उताराचा घुमट होता आणि तिथे सरकण्याची चूक लहान राहते. भ्रंशांनी तुटलेल्या थरांत किंवा लहरींना विखरून टाकणाऱ्या बेसॉल्टखाली ती सवलत मिळत नाही. अर्थात गणित कितीही सुधारलं तरी शेवटचा शब्द विहिरीचाच. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनविहिरी घेतल्या, तेव्हा दख्खनच्या बेसॉल्टखाली गाळाचे थर लागलेच नाहीत. थेट ग्रॅनाइटी पाया लागला.