जपानी काष्ठमुद्राचित्रांतील निसर्ग आणि अनित्यता

जपानमधील ज्या काष्ठमुद्राचित्रांना ‘उकियो-ए’ म्हणतात, त्यांच्या नावातच एक बौद्ध संज्ञा दडलेली आहे. ‘उकियो’ हा शब्द पूर्वी ‘दुःखमय जग’ या अर्थाने रूढ होता. सतराव्या शतकात उच्चार तोच ठेवून ‘तरंगणे’ या अर्थाचे अक्षर योजले गेले आणि दुःखाचे जग क्षणिक सुखविलासाचे जग झाले. नट व गणिका हे या चित्रांचे आरंभीचे विषय होते. १८३० नंतर निसर्गचित्रांना बहर आला. त्यांत शब्दाचा जुना अर्थ पुन्हा जागा झाला काय, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

होकुसाई (१७६०–१८४९) यांचे कानागावाजवळील लाटेचे चित्र सुमारे १८३१ चे आहे. डावीकडे उसळलेली लाट, तिच्या तडाख्यात तीन होड्या आणि लाटेच्या खोलगट भागात इवलासा फुजी पर्वत, अशी त्याची रचना आहे. अग्रभागातील लहान लाटेचा आकार फुजीसारखाच आहे. लाट अनित्य व पर्वत अचल, असा अर्थ सहसा लावला जातो. तो आम्हांस अपुरा वाटतो. फुजी हा ज्वालामुखी आहे. १७०७ च्या उद्रेकात त्याची राख एदो नगरीवर पडली होती. लाट व पर्वत दोन्ही ‘सङ्खार’च, भेद केवळ कालावधीचा.

हिरोशिगे (१७९७–१८५८) यांनी १८५६ मध्ये बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली. १८५७ मधील त्यांच्या ओहाशी पुलाच्या चित्रात अकस्मात पाऊस कोसळतो. तिरप्या पुलावर पादचारी अंग चोरून चालले आहेत, नदीत एकच तराफा आहे आणि पैलतीर अंधुक झाला आहे.

तथापि येथे सावधगिरी हवी. ही चित्रे प्रकाशकांनी विक्रीसाठी काढविली होती. चित्रकाराने दीक्षा घेतली, एवढ्यावरून त्याचा प्रत्येक पाऊस धम्मोपदेश ठरत नाही. असे सोयीचे अर्थ लावल्याने धम्माचा गौरव होत नाही आणि कलेचा इतिहासही दुरावतो.

पुरावा हवा असेल तर तो निर्मितीप्रक्रियेत शोधावा. चित्रकार, ठसे कोरणारा, छापणारा व प्रकाशक अशा चौघांच्या सहकार्याने चित्र सिद्ध होई. आकाशातील रंगाची गडद-फिकी छटा छापणारा प्रत्येक वेळी हातानेच साधीत असे. छपाई वाढली की लाकडी ठशांच्या रेषा झिजत. म्हणून एकाच ठशांच्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या नसतात. अनेक प्रत्ययांनी उत्पन्न होणारे व क्षणोक्षणी बदलणारे, ते ‘अनिच्च’. चित्रकाराच्या मनात हा विचार होता की नव्हता, याचा निर्णय करता येत नाही. त्याच्या कागदावर मात्र तो निश्चित उतरला आहे.