कर्त्या पुरुषाचे बंगळूर

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर येथे आखीव रस्त्यांची वसाहत उभी राहिली. त्यापूर्वी हा सारा परिसर गावाबाहेरचा होता. या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. दान देणारे एकोजी, म्हणजेच व्यंकोजी भोसले. वडील शहाजीराजे निवर्तून त्या वेळी पाच वर्षे झाली होती. भोसल्यांचे दैवत शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. तेथील तळे मालोजींनी बांधविल्याचे सांगतात. आजोबांनी माणदेशातील डोंगरावर महादेवाला पाणी दिले आणि नातवाने कानडी मुलखात महादेवाला गाव दिले. या दोन पिढ्यांच्या मधला पुरुष शहाजी.

महाराष्ट्रात शहाजीराजांचे नाव निघते ते बहुधा शिवाजी महाराजांचे वडील म्हणून. हे स्वाभाविक असले तरी न्याय्य नाही. त्यांचे जन्मसाल १५९४ धरावे की त्यानंतरचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिली तिथी मानल्यास त्यांना सत्तर वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्या धामधुमीच्या शतकात सरदारी करणाऱ्याला ते दीर्घच म्हटले पाहिजे. त्यांच्या नावामागे एक नवस आहे. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून मालोजींनी थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी कथा आहे. महादेवाच्या भक्ताला पिराचा नवस करताना संकोच वाटला नाही. त्या काळच्या श्रद्धेची घडणच तशी होती. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. निजामशाही सावरण्याची शहाजींची धडपड १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर संपली. तेथून पुढे विजापूरची चाकरी आणि कर्नाटक.

रणदुल्लाखानाबरोबरच्या स्वारीत १६३८ च्या सुमारास बंगळूर केंपेगौडांच्या घराण्याकडून विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजींच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. पेठ, मातीचा कोट आणि तलाव असलेले हे गाव केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविले होते. शहाजींचा वाडा चिकपेठेत होता व त्याला गौरीमहाल म्हणत, असे परंपरा सांगते. जिंकलेल्या नायक-पाळेगारांना मुळासकट उपटून न काढता, खंडणी घेऊन त्यांच्या त्यांच्या मुलखात राहू द्यावे, असा त्यांचा कल दिसतो. केंपेगौडांच्या वंशजांकडेही मागडी राहिली. परक्या प्रांतात राहावयाचे तर शेजार तोडून चालत नाही, हा यातला संसारी हिशेब. वसुलाचे व दप्तराचे काम नारोपंत हणमंते यांच्यासारख्या कारभाऱ्यांनी सांभाळले. तुंगभद्रेच्या दक्षिणेस मराठी कारकुनी रुजली ती या सुमारास.

त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त मिळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, हा त्याचा अर्थ. एका सरदाराच्या सदरेवर बारा भाषांना श्रोता मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. दिवस घोड्यावर काढणाऱ्या या माणसाने घरात विद्येला पाट मांडला होता.

घर मात्र एके ठिकाणी कधी नांदले नाही. जिजाबाई व शिवाजी १६४० नंतर काही काळ बंगळूरला राहिले आणि पुण्याच्या जहागिरीवर परत गेले. थोरले संभाजी वडिलांपाशी राहिले. तुकाबाईंचे एकोजीही तेथेच वाढले. जहागीर सुलतानाच्या मर्जीची, म्हणून मुलगे दोन ठिकाणी ठेवलेले बरे, असा धोरणी विचार त्यात असेलही. पण त्याची किंमत घराने मोजली. जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजींना कैद करविले. सुटका झाली ती मे १६४९ मध्ये, आणि त्यासाठी शिवाजी महाराजांना कोंडाणा सोडावा लागला. पुढे १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात संभाजी मारले गेले. साठीला टेकलेल्या बापाने कर्त्या मुलाचा मृत्यू पाहिला आणि चाकरी पुढे चालू ठेवली.

जानेवारी १६६४ मध्ये, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे, शिकारीत घोड्याचा पाय अडकून ते पडले व तेथेच संपले. शिवाजी महाराज सुरतेहून नुकतेच परतले होते. जिजाबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा पुत्राने मांडीवर बसून त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. इतकी वर्षे दूर राहिलेल्या पतीसाठी त्या माउलीने तो निश्चय करावा, यावर बखरकार काही भाष्य करीत नाहीत. तसे भाष्य करण्याचे कारणही नाही.

त्यांच्या मागे वाटणीचा प्रश्न उरला. तेरा वर्षे व्यंकोजींनी सर्व दौलत उपभोगली. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी कोल्लिडम नदीकाठी तिरुमलवाडीस धाकट्या भावाला भेटीस बोलावून अर्धा वाटा मागितला. व्यंकोजी उत्तर न देता रातोरात नदीपार निघून गेले. पुढे लढाई झाली आणि धाकट्याच्या फौजेचा मोड झाला. त्यानंतर महाराजांनी भावाला लिहिलेल्या पत्रात राज्यकर्त्यापेक्षा थोरल्या भावाचा सूर अधिक आहे: वडिलांची मिळकत, तीत माझा भाग, आणि तुम्ही तो नाकारलात. कैलासवासी महाराजांचे नाव दोन्ही पक्षांना पुढे करता येत होते, कारण त्यांचा संसारच दोन ठिकाणी होता.

समेट झाला त्यात नारोपंतांचे पुत्र रघुनाथपंत यांचा हात होता, आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणाचाही. बंगळूर व आसपासचा दोन लक्ष होनांचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंच्या चोळीबांगडीसाठी लावून दिला. भावांच्या भांडणातले गाव भावजयीच्या पदरात टाकून थोरल्याने हक्कही राखला आणि मायाही.

परंतु तंजावरास गेलेल्या व्यंकोजींना दूरचे बंगळूर सांभाळणे जड झाले. त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयरांना तीन लक्ष रुपयांस देऊ केले. व्यवहार पुरा होण्याआधीच, जुलै १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने गाव घेतले, आणि त्यानेही ते चिक्कदेवराजांनाच दिले. किंमत तीच, तीन लक्ष. शहाजींनी पन्नास वर्षांपूर्वी बसविलेल्या मराठी अमलाचा शेवट असा खरेदीखताने झाला.

तंजावरच्या भोसल्यांनी मात्र आपला मूळपुरुष विसरला नाही. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्या दीर्घ लेखात मालोजी आहेत, शहाजी आहेत, आणि बंगळूरही आहे. होदिगेरेस राजांची समाधी आहे. काडु मल्लेश्वराला रोज अभिषेक होतो.