एक औंस कच्चं : गांधींचे आहारप्रयोग शेवटपर्यंत वाचताना

पेटची तयारी करताना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, विषय तर सापडला, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? आणि जुनी साधनं कशी वाचायची? आज एकाच उदाहरणातून दोन्ही बघू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा दावा ओळखीचा असेल : "चूल बंद करा, फळं आणि कच्च्या भाज्या खा, गोळ्या आपोआप सुटतील." बदलापूरची जांभळं बाजारात आली की त्यात मधुमेहाची भर पडते. कुणी शंका काढलीच तर ठरलेलं उत्तर असतं, "अहो, गांधीजीसुद्धा कच्चंच खायचे!" हे ऐकून एखाद्याने इन्सुलिन थांबवलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून या वाक्याची तपासणी नीट करायला हवी.

वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. उरलेला अर्धा भाग गांधींनीच लिहून ठेवलाय, तारखांसकट.

पहिला प्रयोग १८९३ चा. गांधी तेव्हा २३ वर्षांचे, प्रिटोरियात राहत होते. लंडनच्या शाकाहारी मंडळींमध्ये त्या काळी न शिजवलेल्या, 'जिवंत' अन्नाची चर्चा होती. गांधींनी २२ ऑगस्टपासून भिजवलेला गहू, वाटाणे, तांदूळ, बेदाणे, कवचाची फळं आणि संत्री यांवर राहायला सुरुवात केली आणि रोजची नोंद ठेवली. काय खाल्लं, भूक कशी होती, दात दुखले का, अशक्तपणा आला का, सगळं. काही दिवसांतच प्रयोग सोडावा लागला. तरी तो अनुभव त्यांनी दडवला नाही. मार्च १८९४ मध्ये लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या नियतकालिकात तो छापून आला. फसलेला प्रयोग प्रसिद्ध करणं आजही किती अवघड असतं, हे तुम्हाला लवकरच कळेल!

दुसरा प्रयोग १९२९ चा, आणि लोक बहुतेक याचाच दाखला देतात. आंध्रच्या दौऱ्यात गांधींची राजमहेंद्रीचे निसर्गोपचार करणारे सुंदरम् गोपाळराव यांच्याशी भेट झाली आणि जुनी ओढ परत जागी झाली. १३ जूनच्या 'यंग इंडिया'त त्यांनी आपला आहार मोजमापासह दिला : मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, कुटलेला हिरवा पाला ८ तोळे, ६ लिंबं आणि २ औंस मध. त्यांची आशाही मोठी होती. न शिजवता माणूस निरोगी राहू शकला तर खर्च वाचेल आणि बायकांची चुलीपुढच्या राबण्यातून सुटका होईल. म्हणजे तो केवळ एका माणसाच्या तब्येतीचा प्रश्न नव्हता. साबरमती आश्रमातले काही सहकारीही त्यात सामील झाले.

आता ही मापं आजच्या भाषेत आणू. एक तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम, म्हणजे ८ तोळे सुमारे ९३ ग्रॅम. ढोबळ हिशेब केला तर या सगळ्या आहारातून दिवसाला हजार कॅलरीच्या आसपास मिळतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या बदामातून. ५९ वर्षांच्या, सतत दौरे आणि लिखाण करणाऱ्या माणसाला हे कमीच. इथे फळांपेक्षा बदामांचं काम मोठं आहे, हेही लक्षात घ्या. आणि गरीब घराला रोज ९३ ग्रॅम बदाम कुठून परवडणार?

जूनचा लेख वाचून थांबलात तर "गांधीजी कच्चंच खायचे" एवढंच हाती लागतं. पुढचे अंक काढले की गोष्ट पालटते. ऑगस्टमध्ये गांधींना आमांश झाला. त्यांनी प्रयोग थांबवला, पुन्हा बकरीचं दूध सुरू केलं आणि तेही त्याच साप्ताहिकातून वाचकांना सांगितलं.

इथे आपल्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक मोह होतो. आपल्याला माहीत असतं की बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसतं आणि ते १९४८ मध्ये वेगळं काढलं गेलं. मग लगेच म्हणावंसं वाटतं, "बघा, बी-१२ ची कमतरता!" पण यकृतातला बी-१२ चा साठा साधारणपणे काही वर्षं पुरतो. तीन-चार महिन्यांत बिघडलेल्या तब्येतीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. कच्च्या पाल्यातून जंतू गेले असतील? शक्य आहे, पण पावसाळ्यात आमांश शिजवलेलं खाणाऱ्यालाही होतो. एका माणसाच्या, तुलनेला कुणी नसलेल्या प्रयोगातून कारण सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. हा नियम आवडत्या निष्कर्षालाही लावायचा असतो.

तिसरा टप्पा १९४२ चा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधींनी 'आरोग्याची किल्ली' लिहिली आणि १८ डिसेंबरला पूर्ण केली. बैठं काम करणाऱ्यासाठी त्यात रोजचा आहार दिलाय : गाईचं दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाजी ५ औंस आणि कच्ची भाजी १ औंस. शिवाय तूप किंवा लोणी, गूळ किंवा साखर. ताजी फळं मात्र आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे.

१९२९ मध्ये ताटातलं सगळंच कच्चं होतं. तेरा वर्षांनी कच्च्या भाजीला १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम जागा उरली, आणि दूध ९०० ग्रॅम झालं. दुधाला तोडीस तोड वनस्पतिजन्य पर्याय त्यांना हवाच होता, पण तो मिळाला नसल्याचं ते मोकळेपणाने सांगतात.

पुढे १९४६ मध्ये गांधी निसर्गोपचाराच्या कामाला लागले तेव्हा हाच बदल दिसतो. पुण्यात स्टेशनजवळ ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथे आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे. पण शहरातल्या केंद्राचा गरिबांना उपयोग नाही हे पटल्यावर ते उरुळी कांचनला गेले आणि २२ ते ३० मार्च तिथे राहिले. आपल्या बदलापूरवरून कर्जत, लोणावळा करत पुण्याला जाणारा रेल्वेमार्ग पुढे सोलापूरकडे निघतो, त्याच मार्गावर हे गाव आहे. तिथले उपचार म्हणजे रामनाम, ऊन, पाण्याचे टब, भरपूर पाणी, फळांचा रस, आणि दूध-ताक. आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी चालवला. याच मणिभाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली आणि गाईंच्या संकरातून शेतकऱ्याच्या दारात दूध वाढवण्याचं मोठं काम केलं. निसर्गोपचाराच्या आश्रमातून निघालेली वाट फलाहाराकडे न जाता गोठ्याकडे गेली, ती अशी.

याचा अर्थ फळं वाईट, असा काढू नका. ताजी फळं-भाज्या भरपूर खाव्यात, यावर आहारशास्त्रातही वाद नाही. वाद आहे तो 'फक्त' आणि 'गोळ्या सुटतील' या शब्दांवर. गांधींच्या नोंदी त्या शब्दांना आधार देत नाहीत.

आता तुमच्यासाठी काम. "बदलापूरचं जांभूळ मधुमेह बरा करतं का?" हा प्रश्न संशोधनाचा नाही, कारण त्यात काय मोजायचं, किती दिवस, कुणाशी तुलना करायची, काहीच ठरलेलं नाही. तो दुरुस्त करून बघा : फळ की बियांची पूड, रोज किती ग्रॅम, चालू औषधं तशीच ठेवून, तीन महिन्यांनी एचबीए-वन-सी किती, तुलनेचा गट कोणता, आणि कुठला आकडा आला तर आपण "नाही" म्हणू. शेवटचा मुद्दा सुरुवातीलाच लिहून ठेवा. इतिहासाचा विषय असेल तर जूनचा अंक सापडल्यावर ऑगस्टचाही मागवा. तुमचा दुरुस्त केलेला प्रश्न चार ओळींत लिहा आणि मार्गदर्शकांकडे जायच्या आधी एखाद्या मित्राकडून त्यातल्या चुका काढून घ्या.