मानववंशशास्त्राची पदवी : काय शिकवतात, कुठे मिळते, आपल्या मुलांनी का घ्यावी

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. तो कोणत्या विषयाच्या वर्गात वाचला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तो वाचला गेला डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. बाबासाहेब तेव्हा २५ वर्षांचे होते. जातीच्या मुळाशी वंश किंवा रक्त नसून जातीतल्या जातीत लग्न लावण्याचा नियम आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा तो नियम टिकवण्यासाठी आल्या, ही त्यांची मांडणी आजही या विषयाच्या विद्यार्थ्याला वाचावी लागते.

बारावीनंतर मार्गदर्शनासाठी येणाऱ्या मुलामुलींना मी हा विषय सुचवते तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे समाजशास्त्रच ना?" नाही. मी स्वतः समाजशास्त्रात एम. ए. केले आहे, त्यामुळे फरक सांगू शकते. मानववंशशास्त्र (काही विद्यापीठे मानवशास्त्र म्हणतात) माणसाचा अभ्यास चार बाजूंनी करते. शरीर आणि उत्क्रांती ही एक बाजू. समाज आणि संस्कृती ही दुसरी. जमिनीखाली सापडणाऱ्या जुन्या वस्तूंवरून माणसाचा इतिहास लावणे ही तिसरी, आणि भाषा ही चौथी. म्हणूनच अनेक ठिकाणी ही पदवी बी. एस्सी. म्हणून मिळते. प्रयोगशाळेत हाडे ओळखायची, शरीराची मोजमापे घ्यायची, रक्तगट तपासायचे आणि नंतर एखाद्या वस्तीत राहून लोकांशी बोलून अहवाल लिहायचा. हे क्षेत्रकार्य म्हणजे या पदवीचा कणाच. समाजशास्त्राच्या पदवीत ते बहुतेक वेळा प्रकल्पाच्या चार पानांत आटोपते.

मोजमापांचा इतिहास मात्र चांगला नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता वंशाशी जोडली. इथे आपल्या सिंधुदुर्गाचा संबंध येतो. १८९३ साली मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये रिव्हर्स आणि हॅडन या मानववंशशास्त्रज्ञांकडे शिकले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९३२ मध्ये त्यांनी जात आणि वंश यांवरचे पुस्तक लिहिले. घुर्ये यांच्या सगळ्याच मतांशी आपले जमणार नाही. पण त्यांनी दिलेली मोजमापे बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात वापरली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा समज खोडून काढला. ज्या फूटपट्टीने आपल्याला खालचे ठरवले, तीच फूटपट्टी उलटी धरली. हे करायचे तर ती आधी हातात घ्यावी लागते.

आजवर आपल्यावर लिहिणारे बहुतेक बाहेरचेच होते. १९२० ते १९२२ दरम्यान एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरचे तीन खंड आले, १९३८ मध्ये मिशनरी रॉबर्टसन यांचे महारांवरचे पुस्तक आले. प्रश्न त्यांचे, उत्तरे आपल्या आजोबा-पणजोबांची. म्हणून कुणकेश्वरसारख्या गावातले मूल या विषयात गेले तर काय विचारेल, याची मला उत्सुकता आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला लाखोंची गर्दी होते, गावोगावचे देव समुद्रस्नानाला येतात. त्यात कोणत्या घराला कोणता मान, तो कधी ठरला, कोणाला तो नव्हताच? गावऱ्हाटीत ठरवून दिलेली कामे नाकारणाऱ्या बौद्धवाडीचे गावाशी नाते पुढे कसे बदलले? गाबितांच्या रापणीत मासळीची वाटणी कशी होते, हापूसच्या बागेत राखणीला नेपाळहून आलेल्या कुटुंबाची मुले कुठे शिकतात? आपल्या वाडीच्या मुंबई शाखेच्या बैठकीत बायका कुठे बसतात, हाही तितकाच योग्य प्रश्न आहे. स्वतःच्या घराकडे पाहताना डोळे मिटून घेणारा विद्यार्थी या विषयात टिकत नाही.

आता अडचणीचा भाग. देवगड-कणकवलीकडे कला शाखेची चौकशी केली तर इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र ही नावे मिळतात, हे नाव सहसा मिळत नाही. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचा एकत्र विभाग आहे. बी. एस्सी. ऑनर्स करायचे तर दिल्ली विद्यापीठाचे हंसराज महाविद्यालय, मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठ किंवा कोलकाता. भारतात या विषयाचा पहिला विद्यापीठीय विभाग १९२० साली कोलकात्यातच सुरू झाला. घर सोडणे शक्य नसेल तर इग्नूचा पर्याय पाहावा, पण प्रात्यक्षिकांचे केंद्र कुठे मिळेल हे प्रवेशाआधी विचारावे. दूरशिक्षणात मुले अडकतात ती तिथेच. चौथा रस्ता मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. जवळच्या महाविद्यालयात समाजशास्त्राची पदवी घ्यायची आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात जायचे. विज्ञान शाखेची अट काही ठिकाणी असते, म्हणून अकरावीचा निर्णय घेतानाच त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या पदवीवर थेट जागा थोड्या आहेत. पुढे शिकल्यास भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण (१९४५ साली स्थापन, मुख्यालय कोलकाता, मध्य विभागाचे केंद्र नागपूर), पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प आणि अध्यापन ही क्षेत्रे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर मिळून ५०० गुण. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून इतर शाखांचे उमेदवारही तो घेतात.

केंद्रीय विद्यापीठात अर्ज करणाऱ्यांनी एक काम आधीच उरकावे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही सवलती मिळतात, पण दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला पुढे केल्यावर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते, आणि कुणकेश्वरहून देवगडला, तिथून प्रांत कार्यालयात खेपा घालेपर्यंत मुदत संपते. बारावीची परीक्षा सुरू होण्याआधीच त्यासाठी अर्ज द्यावा.